पूर्वेला ठेवलेलं प्रस्थान

माझा निरोपसमारंभ फार सुंदर झाला. बेलापुरात तसा निरोप आजवर कोणाला मिळाला नव्हता, आणि तसा निरोप घेऊन गावातच राहिलेला माणूसही आजवर कोणी पाहिला नव्हता. दोन्ही मान माझेच. पहिल्याबद्दल गाव महिनाभर बोललं, दुसऱ्याबद्दल अजून बोलतं असं ऐकतो.

मी शामकांत निसळ, भूगोलाचा मास्तर. अमेरिकेतल्या एका संस्थेने परदेशी शिक्षकांसाठी योजना काढली होती. तिकडच्या शाळांतून नऊ महिने शिकायचं, थोडं शिकवायचं. विमानाचं भाडं त्यांचं, राहणं-जेवणं त्यांचं, वर हातखर्चही तेच देणार. वर्तमानपत्रात हे वाचून मी बायकोला म्हणालो, "विजया, यात काहीतरी गोम असणार." माझं म्हणणं खरं ठरलं. फक्त गोम अमेरिकेत निघाली नाही, आपल्या पंचांगात निघाली.

तरी मी अर्ज केला. का केला, ते एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढचं रडगाणं कशासाठी ते कळेल. इतकी वर्षं मी फळ्यावर मिसिसिपी नदी काढत आलो. डोळे मिटूनही काढीन. तिच्या उपनद्या मला माझ्या चुलतभावंडांपेक्षा जास्त पाठ आहेत. पण मी स्वतः पाहिलेल्या नद्या म्हणजे घराजवळची प्रवरा आणि नाशिकला एका तेराव्याला गेलो तेव्हाची गोदावरी. फळ्यावरची एक तरी नदी फळ्याबाहेर बघावी, तिच्यात पाय घालून उभं राहावं, एवढी साधी इच्छा होती. ही गोष्ट मी मुंबईला मुलाखतीत सांगितली. समोरच्या गोऱ्या बाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि माझी निवड झाली.

निवड झाल्यावर माझी चौकशी सुरू झाली. पासपोर्टासाठी पोलीस जमादार आमच्या आळीत आला आणि शेजारच्या बनुबाईंना विचारू लागला, "हे निसळ मास्तर कसे आहेत?" बनुबाईंची आणि आमची एकच भिंत. उसनं विरजण, उसना चहा, पोराबाळांचं औषधपाणी, सगळं त्या भिंतीवरून चालतं. पण दारात पोलीस बघून बनुबाईंनी सांगितलं, "मानूस चांगला हाय, पन आमचा त्याचा काय बी संबंध न्हाई." मग तलाठ्याकडे रहिवासाचा दाखला मागायला गेलो. तलाठी म्हणाले, "मास्तर, तुम्ही इथले रहिवासी आहात असं मी आज लिहून देतो आणि महिन्याभराने तुम्ही अमेरिकेत! मग मी खोटा पडलो की नाही?" त्यांना खोटं न पाडता परदेशी जाण्याचा मार्ग शोधण्यात माझ्या चपला झिजल्या.

अखेर सगळे कागद जमले आणि निघायची तारीख आली. जानेवारीचा दुसरा आठवडा. मी आनंदाने ती घरात सांगितली. विजयाने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि ती मटकन खाली बसली.

"अहो, पौष आहे!"

मी भूगोलाच्या आधाराने तिला समजावलं की अमेरिकेत पौष नसतो. ती म्हणाली, "तिथे नसेल. निघायचं तर इथूनच ना?" याला भूगोलात उत्तर नाही.

राधाकृष्णशास्त्र्यांना बोलावलं. त्यांनी पंचांग मांडीवर घेतलं आणि तोडगा काढला. पौषात निघायचं तर मार्गशीर्षातच चांगला मुहूर्त बघून प्रस्थान ठेवायचं. म्हणजे आपली एखादी वस्तू, हळकुंड, सुपारी, तांदूळ असं बांधून जायच्या दिशेला शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. वस्तू निघाली की माणूस निघाला. मग पौष त्याचं काही वाकडं करू शकत नाही. फक्त एक पथ्य. ठेवलेलं प्रस्थान परत घरात आणायचं नाही. प्रवासाला निघताना ते तिथूनच उचलायचं.

"प्रस्थानाची मुदत किती?" मी विचारलं. मास्तरकीची खोड, दुसरं काय.

"एरवी दहा दिवस," शास्त्रीबुवा म्हणाले. "पण परदेशगमनाला शास्त्रात मुदतच सांगितलेली नाही. कारण शास्त्रात परदेशगमनच सांगितलेलं नाही."

इथवर ठीक होतं. सुपारी-हळकुंडाची पुरचुंडी मी आनंदाने कुठेही ठेवली असती. पण भिंतीपलीकडून बनुबाई ऐकत होत्या. त्या पदर खोचूनच आल्या. "आवं, सुपारी ठिवून मानूस नगरला जातो. आमचे मालक बैल घ्यायला गेल्ते तवा सुपारीच ठिवली हुती. पन अमेरिका म्हंजी लई लांब. तितं सुपारीनं कसं भागंल? ट्रंकच ठिवा." विजयाला हे पटलं. शास्त्रीबुवांनाही पटलं, कारण ट्रंकेच्या पूजेला दक्षिणा वेगळी. अशा रीतीने माझा नवा शिवलेला गरम कोट, एकुलता एक स्वेटर, मफलर, लोकरी मोजे, बूट, दाढीचं सामान आणि विजयाने भाजून दिलेलं थालिपिठाचं पीठ, सगळं त्या ट्रंकेत गेलं.

आता दिशा. अमेरिका पश्चिमेला. आमचं घर गावाच्या पार पश्चिम टोकाला, त्यापलीकडे ऊस. दिवाळी झाली की पाथर्डीकडची ऊस तोडणारी माणसं तिथे येऊन पाचटाच्या कोप्या घालत. पहाटे अंधारात ती फडात जात, अंधार पडल्यावर परतत. बनुबाई म्हणाल्या, "मावळतीला कोप्या हायेत की. तितं ठिवा."

"कोपी म्हणजे काय घर आहे?" मी म्हणालो.

शास्त्रीबुवांनी मान डोलावली. "ऊस संपला की उठून जाणारं ते घर. तिथे प्रस्थान ठेवलं तर प्रस्थानच प्रस्थान करायचं."

सगळे हसले. मीही हसलो. मग प्रश्न उरला तो उरलाच. शेवटी मी खुर्चीवरून उठलो, शाळेचा पृथ्वीचा गोल काढला आणि समोर धरून सांगितलं, "पृथ्वी गोल आहे. पूर्वेकडे चालत राहिलं तरी माणूस अमेरिकेलाच पोचतो. तेव्हा पूर्वेला ठेवलेलंही चालेल." पूर्वेला बनुबाईंचं घर. माझ्या आयुष्यात मी अनेक वेळा अनेकांना भूगोल समजावला, पण तो लोकांनी इतक्या झटकन मान्य केल्याचं आठवत नाही.

पौषात निरोपही चालत नाही, म्हणून तोही प्रस्थानाच्याच दिवशी उरकायचं ठरलं. शाळेच्या स्थानिक कमिटीचे अध्यक्ष आप्पासाहेब यांनी सगळं अंगावर घेतलं. आप्पासाहेबांना भाषणाची हौस आणि गावात मरणाखेरीज प्रसंग कमी, त्यामुळे त्यांचं प्रत्येक भाषण थोडंसं शोकसभेचं होतं. "निसळ मास्तर आता आपल्यात नाहीत, असंच आपण समजलं पाहिजे," ते म्हणाले. "त्यांची जागा रिकामी झाली आहे. ती पोकळी भरून निघणार नाही." मागच्या रांगेत कोणीतरी डोळे पुसले. ती पोकळी दुसऱ्याच दिवशी आप्पासाहेबांच्या जावयाने भरून काढली, ही गोष्ट वेगळी.

मग अंधार पडल्यावर मिरवणूक निघाली. पुढे ताशा, मधे मी, मागे डोक्यावर ट्रंक घेतलेला शाळेचा शिपाई. हार इतके पडले की ते माझ्या नाकापर्यंत आले. मला समोरचं दिसत नव्हतं आणि समोरच्यांना मी. मिरवणूक गावभर फिरली, आमच्या घरामागून कोप्यांवरून वळली, खोबरं-साखर वाटली गेली आणि सगळी वाजतगाजत माझ्या घराशेजारच्या घरात येऊन थांबली. बनुबाईंनी ट्रंकेला हळदकुंकू वाहिलं आणि ती ज्वारीच्या कणगीशेजारी पाटावर ठेवली. मी आपल्या घरी आलो आणि चहा घेतला.

पुढच्या शुक्रवारी रेडिओवर पाकिस्तानशी युद्ध सुरू झाल्याची बातमी आली.

युद्ध आपण जिंकलं. साऱ्या गावाने पेढे वाटले, मीही खाल्ले. देशाचा आनंद तो माझाही आनंद, यात शंका नको. पण त्याच सुमारास मुंबईहून कळवलं गेलं की भारत-अमेरिकेतली हवा सध्या ठीक नसल्याने यंदाचा कार्यक्रम पुढे ढकलला आहे. किती पुढे, ते सांगितलं नव्हतं. आप्पासाहेब म्हणाले, "देशासाठी एवढं करायलाच हवं, मास्तर." मी काय केलं होतं ते मला कळलं नाही, पण मी मान हलवली.

आणि मग थंडी पडली. त्या वर्षी पौषात अशी थंडी पडली की प्रवरेच्या काठची माणसं दुपारीसुद्धा शेकोटी सोडेनात. माझा कोट, माझा स्वेटर, माझा मफलर, सगळं एका भिंतीपलीकडे पाटावर बसून रोज हळदकुंकू घेत होतं, आणि मी भिंतीअलीकडे विजयाची जुनी शाल पांघरून शिंकत होतो. एकदा धीर करून मी बनुबाईंकडे गेलो.

"बनुबाई, नुसता स्वेटर काढून घेतो. ट्रंक तिथेच राहू दे."

"आन मग?" त्यांनी कमरेवर हात ठेवले. "अर्धं प्रस्थान मागं घेतलं तर इमान मधीच थांबंल. वर आभाळात. चाललं का?"

मला विमान वर थांबलेलं दिसलं. मी परत आलो आणि शिंकलो.

पण शिंका परवडल्या. गावाच्या लेखी मी गेलेला होतो, हे जास्त जड गेलं. रेशनच्या दुकानदाराने निरोपाच्या दुसऱ्याच दिवशी देशकार्य म्हणून माझं नाव कार्डावरून कमी केलं होतं. तेव्हापासून माझ्या वाटची साखर बंद. मी घरात होतो, चहा पीत होतो, पण विजयाच्या साखरेतला. वाचनालयाने माझी वर्गणी बंद केली. बाहेर पडलो की "अजून आहात?" असं लोक विचारत. यातला "अजून" असा काही उच्चारत, की जणू मीच कुणाची तरी खोळंबलेली अंत्ययात्रा आहे. हळूहळू मी दिवसा बाहेर पडणं सोडलं. खिडकीतून बघायचो. ऊस तुटत होता, गाड्या भरत होत्या, कोप्यांतून धूर निघत होता. त्या माणसांनी मला काही विचारलं नाही. त्यांनी मला पाहिलंच नव्हतं आणि मीही त्यांना नीट पाहिलं नव्हतं.

शाळेत परत घ्या म्हणून मी आप्पासाहेबांकडे गेलो. त्यांनी मला बसायला दिलं, चहा मागवला आणि फार खेदाने सांगितलं, "मास्तर, तुमचा निरोप झालाय. एकदा निरोप दिलेला माणूस हजेरीपटावर परत घ्यायची आपल्या शिक्षणसंस्थेच्या घटनेत सोय नाही."

"पण मी गेलोच नाही, आप्पासाहेब."

"तो तुमचा प्रश्न. आम्ही आमच्या बाजूने पाठवलंय."

जावई शेजारीच बसले होते. ते मला अदबीने म्हणाले, "सर, तुमची मिसिसिपी मी फळ्यावरून पुसलेली नाही." खरं सांगतो, त्या वेळी मला रडू आलं. मी चहा अर्धा टाकून उठलो.

घरी येऊन विजयाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही गेला असतात तर मी नऊ महिने हक्काने रडले असते. सगळ्यांनी समजूत घातली असती. आता रडायचं तर कशासाठी म्हणून सांगू?" मला तिचा राग आला नाही. मला स्वतःचीच फार लाज वाटली. तिने माहेरी, मावसबहिणींत, हळदीकुंकवात, सगळीकडे सांगितलं होतं. मी बर्फ बघून येईन आणि तिला तो कसा असतो ते सांगेन, एवढंच तिने माझ्याकडून मागितलं होतं.

उन्हाळ्यात मुंबईहून शेवटचं कळलं. कार्यक्रम बंदच झाला होता.

मग सल्ल्यांना ऊत आला. कोणी म्हणालं, दुसऱ्या देशासाठी अर्ज करा. कोणी म्हणालं, कोर्टात जा, पण कोणत्या देशाच्या ते सांगितलं नाही. शास्त्रीबुवा म्हणाले, "काही करा, पण प्रस्थान फार दिवस पडून राहणं बरं नव्हे. कुठे तरी निघा." त्यांच्या मते आता अमेरिकेपेक्षा निघणं महत्त्वाचं होतं. आप्पासाहेबांच्या मनात काही टोचलं असावं. त्यांनी संस्थेकडे शब्द टाकला आणि जूनच्या तोंडावर मला निरोप आला. पाथर्डी तालुक्यातल्या शाखेत एक जागा आहे, तिथे जायला कोणी तयार होत नाही, तुम्ही जाल का?

मी पृथ्वीचा गोल काढला नाही. नुसता जिल्ह्याचा नकाशा काढला आणि बघितलं. पाथर्डी बेलापूरच्या पूर्वेला, जरा दक्षिणेकडे झुकून. मी नकाशा घडी करून ठेवला. माझा देवावर फारसा विश्वास नाही, पण दिशेच्या बाबतीत त्याने माझा शब्द तंतोतंत पाळला असं म्हणावं लागेल.

विजया बेलापुरातच राहिली. तिची बालवाडी होती, आणि तिकडे प्यायला पाणीसुद्धा नाही असं ऐकलं होतं. मी निघालो तेव्हा ताशा नव्हता. बनुबाईंनी ट्रंक बाहेर काढली. तिच्यावर हळदकुंकवाचा जाड थर बसला होता, आणि मागे कोंबडीने घर केलं होतं. "चला, सुटलं बाई प्रस्थान," त्या म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. "आमच्या घरात इतकं दिवस कुनी पावनं ऱ्हायलं न्हवतं." मीच ट्रंक उचलली आणि एस.टी.च्या टपावर टाकली.

पाथर्डीकडच्या त्या गावात खोली घेतली आणि ट्रंक उघडली. कोटाच्या पाठीला कसर लागून भोकं पडली होती, पिठात पोरकिडे झाले होते. मोजे मात्र जसेच्या तसे होते. जून संपला, जुलै संपला, पाऊस आलाच नाही. नकाशात तिथे एक नदी निळी दाखवलेली आहे. मी तिच्यात पाय घालून उभा राहिलो. पायांना गरम वाळू लागली. तेव्हापासून मी फळ्यावर तिची एक रेघ काढतो आणि मुलांना विचारतो, हिच्यात पाणी कधी बघितलंय? हात फार थोडे वर होतात.

दसरा झाला आणि वर्ग रिकामा होऊ लागला. एक एक बाक मोकळा पडायचा. घरंच्या घरं ऊस तोडायला प्रवरेकडे निघाली होती, पोरांसकट. एका सकाळी लंकाबाई नावाची एक बाई वर्गाच्या दारात आली. तिची तीन पोरं माझ्या शाळेत होती. ऊन चढलं होतं आणि मी डोक्याला ओलं उपरणं गुंडाळलेलं होतं. तिने बाहेरूनच हात जोडले.

"मास्तर, आमी जातो. आमच्या पोरांची नावं काढू नका. गेल्या साली काढली, मंग घ्यायला लई मिनत्या केल्या. आमी जाऊन येतो, मास्तर. जाऊन येनारच हाव."

हजेरीपट टेबलावर होता. मी तो मिटला आणि खणात टाकला. "नाही काढत," मी म्हणालो. "जाऊन या." आणि मग सहज विचारलं, "कुठे जाता?"

"बेलापूरला. तुमी तिकडचेच ना? आमची कोपी दर साली तितंच असती. गावाच्या मावळतीला, एका मास्तरच्या घरामागं." तिला काही आठवलं आणि ती हसली. "आवं, गेल्या साली त्या मास्तरची लई मोठी मिरवनूक निघाली व्हती! ताशा, हार, खोबरं. आमच्या पोरास्नी बी खोबरं मिळालं. अमेरिकेला गेला म्हनं त्यो. तोंड काय दिसलं न्हाई, हारात नाकापत्तूर बुडाला व्हता. तुमाला ठावं असंल. पोचला का वो त्यो सुखरूप?"

मी डोक्यावरचं उपरणं जरा खाली ओढलं.

"पोचला," मी म्हणालो.

"बरं झालं. लांबचं गाव. आन मागं कवा येनार?"

"तशी काही मुदत सांगितलेली नाही."

"येईल की. बायको तर तितंच हाय न्हवं त्याची. एकटीच अंगनात दिवा लावती. गेल्या साली लई सुकलेली दिसली." लंकाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. "आता गेले की पयल्यांदा तिला सांगते. म्हनावं, तुमच्या गावच्याच मास्तरनी सांगितलंय, मालक पोचले म्हनून. सांगू न्हवं?"

"सांगा," मी म्हणालो. "खुशाल आहे म्हणावं. बर्फ अजून पाहिला नाही, तेवढंही सांगा."